निळा जेवला का?

आमच्या गावात माणूस गेला की दोन गोष्टी होतात. आधी चौकातलं किराणा दुकान बंद होतं आणि मग पोरं फ्लेक्स छापायला जातात. दुकान थोड्या वेळाने पुन्हा उघडतं. फ्लेक्स मात्र पुढच्या कोणाचा वाढदिवस येईपर्यंत बस थांब्यावर लटकत राहतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सचा आकारही तोच, फोटोही तोच आणि खाली गॉगल लावलेली पोरंही तीच. एकात ती 'शुभेच्छुक' असतात आणि दुसऱ्यात 'शोकाकुल', एवढाच काय तो फरक. त्यामुळे त्या उन्हाळ्यात थांब्यावर जो फ्लेक्स लागला त्याचं गावाला सुरुवातीला काहीच वाटलं नाही. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये मुखवटा घातलेला आणि हातातून वीज निघणारा एक गोरा माणूस, आणि खाली शोकाकुल मित्रपरिवारात मी.

मेलेला माणूस सिनेमातला होता हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही आमच्या आत्यासारखे छाती बडवायला बसाल. ती परदेशी सिनेमांची मालिका होती. आम्ही शाळेत होतो तेव्हा सुरू झाली आणि माझं बी.ए. होऊन गेलं तरी संपायचं नाव घेईना. तिचा नायक कोळशाच्या खाणीत झटका लागून हातातून वीज फेकायला शिकलेला होता. त्याचं खरं नाव गावात एकालाही धड घेता आलं नाही. कपडे निळे, म्हणून तो निळा. आमच्या घरात त्याला प्रवेश मिळाला तोही रंगावरच. टीव्हीवर पहिला भाग हिंदीत लागला होता, तेव्हा बाबा शेतातून आले, उभ्यानेच थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "निळा हाये म्हंजे आपलाच असन. पाहू दे पोरायले." आमच्या दारावर निळा झेंडा होता, भिंतीवरच्या फोटोत निळा कोट होता, त्यात हा आणखी एक निळा खपून गेला. शिवाय आमच्याकडच्या विजेचे हाल पाहता अशा माणसाची गरजही होती. "याले एक दिवस आपल्या डीपीवर बसवाले पायजे," असं बाबा प्रत्येक भागाला म्हणायचे आणि प्रत्येक वेळी एकटेच हसायचे.

पण निळ्याची खरी मालकीण माझी ताई. कुठला भाग कुठल्यानंतर, कोण कोणाचा सावत्र भाऊ, कोण मेल्याचं नाटक करतोय आणि कोण खरंच मेलाय, हे सगळं तिला पाठ. मला समजायचं नाही तेव्हा ती डोक्यात टपली मारून समजावायची. आणि हे ज्ञान तिने घरात ठेवलं नाही, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात नेलं.

रोवणा म्हणजे दिवसभर कमरेत वाकून चिखलात उलटं उलटं सरकत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावणं. डोक्यावर पाणी, पायाखाली गाळ, आणि वेळ जाता जात नाही. बाया पूर्वी गाणी म्हणायच्या. ताईने बारावीच्या सुट्टीत रोवण्याला जायला सुरुवात केली आणि गाण्यांची सुट्टी केली. ती निळ्याची गोष्ट सांगायची, एका बांधीत अर्धा सिनेमा. त्यातल्या एकाही बाईने निळा पाहिला नव्हता, पण सगळ्या त्याला नात्यातल्या पोरासारखं ओळखायच्या. त्याच्या खलनायकाला त्यांनी दिलेल्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही. ग्रह फुटले, शहरं बुडाली, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता निळ्याच्या आईत. ती एकटी म्हातारी. निळा जग वाचवायला निघताना प्रत्येक भागात तिला सांगायचा, जेवायला घरी येतो. आणि प्रत्येक भागात काहीतरी उपटायचं. म्हातारी आपली ताट झाकून बसलेली.

"थे सारं राहू दे वो," गोष्ट संपली की म्होरकी बाई विचारायची, "जेवला का थो?"

"नाही."

"मंग कायचा हिरो हाये?"

पुढच्या रोवण्याला पुन्हा तोच प्रश्न. ताईचं लग्न होऊन ती एकोडीला गेली, तरी रोवण्याच्या दिवसांत माहेरी आली की बाया तिला आधी निळ्याचं विचारायच्या, मग सासूचं.

शेवटचा भाग आला तो ऐन मे महिन्यात, आणि ताई तेव्हा बाळंतपणाला आमच्याकडे. दिवस भरत आलेले. आमचं गाव लाखांदूर तालुक्यात. तिथून भंडाऱ्याच्या टॉकीजपर्यंत एसटीने जाणं म्हणजे धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी होतात. डॉक्टरीणबाईंनी ताईला सरळ सांगितलं, सिनेमा पाहायचा की बाळ, ते ठरवा. ताई घरी येऊन एका कोपऱ्यात बसली आणि रडली. मग डोळे पुसून तिने आम्हा सगळ्यांना समोर बसवलं.

"तुमी जा, पाहा. पन मले कोनी शेवट सांगजो नोका. एक शब्द नाही. फोनवर पाहाले भेटन तेव्हा मी सोता पाहीन."

मी म्हटलं, "येवढं काय त्यात? सिनेमाच त हाये."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"माझं कॉलेज बंद होनार हे मले शेजारनीनं सांगितलं. माझं लगन जमलं हे मामानं येऊन सांगितलं, तेव्हा मी भांडे घासून राहिली होती. माझ्या प्रत्येक गोष्टीचा शेवट दुसऱ्यायले आधी माईत राहते. हा एक तरी मी माझ्या डोळ्यानं पाहीन."

बाबा दोरी वळत होते, त्यांचे हात थांबले. आईने उगाच चुलीत फुंकर मारली. घरात ठरलं की ताईला कोणी काही सांगायचं नाही.

आम्ही मित्र भंडाऱ्याला गेलो. आमच्यातल्या एकाने निळ्यासारखा झगा हवा म्हणून भावाचा निळा रेनकोट घातला. मे महिना, भंडारा, दुपारचा खेळ आणि अंगात रेनकोट. पवनी येईस्तोवर तो उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायला लागला, पण काढायला तयार नाही. टॉकीजमध्ये निळा पडद्यावर आला तेव्हा शिट्ट्यांनी छत उडायचं बाकी होतं. आमच्या रेनकोटवाल्याने सवयीने "जय भीम" ठोकला आणि मागच्या रांगेतून तितक्याच जोरात उत्तरही आलं.

आणि मग शेवटी निळा मेला. शहर अंधारात बुडालेलं, सगळ्यांना वाचवायला त्याने अंगातली सगळी वीज एका यंत्रात ओतली, आणि विझला. टॉकीजमध्ये कूलरचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग पडद्यावर ते म्हातारीचं घर, लागलेला दिवा आणि टेबलावर झाकलेलं ताट. मी रडलो. लाजायचं काय त्यात, ढसाढसा रडलो. रेनकोटवाला तर हुंदके देत होता. हा तोच गडी, ज्याने सख्ख्या आजोबाच्या मयतीत तिरडीच्या मागे चालता चालता मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर पाहिला होता. दुसरा मित्र संतापला. "असा कसा मारते बे? आपन येवढ्या दुरून आलो न!" तिसऱ्याचं म्हणणं, बॉडी नीट दाखवली नाही, म्हणजे जिवंत आहे. त्यावरून दोघांची टॉकीजच्या पायऱ्यांवर कॉलर पकडण्यापर्यंत मजल गेली.

परतीची एसटी पकडली. अड्याळ गेलं तरी आमची तोंडं पडलेली. कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता विचारलं, "मयतीले गेल्ते का रे पोरं हो?"

"हो," रेनकोटवाला म्हणाला.

"घरचा होता?"

"घरचाच म्हना."

कंडक्टरने च्च् केलं आणि मागच्या सीटवर मोबाईलवर गाणी लावलेल्या माणसाला गाणी बंद करायला लावली.

फ्लेक्सची कल्पना अर्थात रेनकोटवाल्याची. गावात कोणीही गेलं तरी फ्लेक्स त्याच्याच हातून लागायचा, त्यामुळे निळ्याचा नाही लागला तर ते त्याला पाप वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी थांब्यावर गेलो तर निळा वर टांगलेला, आणि खाली माझा बी.ए.च्या हॉलतिकिटावरचा फोटो, शोकाकुल. मी रेनकोटवाल्याला गाठलं.

"उतरव बे! ताई पाहीन."

"ताई कुठं थांब्यावर येते?"

"सोमवारी तपासनीले जाते न."

"मंग नहराच्या रस्त्यानं ने. आता लावला त दिवस होईस्तोवर त राहू दे. मानूस गेला हाये, काही वाटते का नाही तुले?"

सोमवारी मी ताईला ऑटोत बसवून नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाळीवरून नेलं. तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे, त्यावर कुठे कुठे रस्ता. ऑटो उडला की ताई दोन्ही हातांनी पोट धरायची आणि मला शिव्या द्यायची. "काहून इकडून आनलं?" मी म्हटलं, तिकडचा रस्ता खोदलाय. आमच्याकडे हे कारण बारा महिने चालतं, कोणी तपासायला जात नाही. ती म्हणाली, "बाळ नहरातच होते का आता?" पण पुन्हा विचारलं नाही.

घरात तर छावणीच झाली होती. ताईचा फोन आईने पदराखाली ठेवला, जावयाचा फोन आला की तेवढ्यापुरता द्यायचा. रोवण्याच्या बाया एकेक करून यायला लागल्या, बाळंतीण होणाऱ्या पोरीला पाहायला म्हणून. खरं तर सगळ्यांनी थांब्यावरचा फ्लेक्स पाहिलेला, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी शाळेतल्या पोरांकडून वाचून घेतलेला, आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं. आई त्यांना दारातच अडवायची आणि बोटाने ओठ दाबून दाखवायची. बाया ताईच्या बाजूला बसून आमचूर, सुकी मासळी, उन्हाचा तडाखा, असल्या गोष्टी बोलायच्या आणि उठताना मोठा सुस्कारा सोडायच्या. ताईला वाटायचं बाळंतपणाच्या काळजीने. मला तरी तसं वाटायचं की तिला तसं वाटतं.

आणि मग एका दुपारी आत्या आली. आमची आत्या अड्याळला दिलेली. कोणाच्या तरी नामकरणाला लाखांदूरला निघाली होती, आणि आमच्या थांब्यावर बस थांबली तेव्हा तिने खिडकीतून फ्लेक्स पाहिला. आत्याला मोठी अक्षरं वाचता येतात. 'श्रद्धांजली' तिने वाचलं, आणि खाली भाच्याचा फोटो पाहिला. मधला मुखवटेवाला तिला देव-बिव वाटला असावा. तोवर बस सुटली होती, ती चालत्या बसमधून उतरली म्हणे. थांब्यापासून आमच्या घरापर्यंत तिचा आवाज तिच्या आधी पोहोचला.

"अरे माझ्या बाबू रेऽ! मले कोनी फोन बी नाही केला रेऽ!"

मी ओसरीत बसून आंब्याची कोय चोखत होतो. आत्या दारात आली, तिने मला पाहिलं, किंचाळली, आणि मग धावत येऊन मला चपलेने मारलं. का मारलं हे तिलाही सांगता आलं नाही. मारून झाल्यावर गळ्यात पडली. आंब्याचा रस तिच्या चांगल्या पातळाला लागला तरी सोडेना.

पाणी प्यायल्यावर तिने डोळे पुसले आणि तिला जे विचारायला नको होतं तेच विचारलं.

"मंग मेला कोन?"

ताई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. आईने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं.

"सांगा न! श्रद्धांजली लिवलं हाये येवढं मोठं. कोन मेला?"

ताईने लसणावरून नजर वर केली नाही. तिचे हात मात्र थांबले होते.

बाबा खाकरले. "कोनी नाही मेलं," ते म्हणाले. "वाढदिवसाचा फ्लेक्स हाये थो. छापनाऱ्यानं चूक केली. शुभेच्छा लिवाच्या जागी श्रद्धांजली लिवून टाकली."

बाबांनी आयुष्यात खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि ते इतकं बेमालूम जमेल असं वाटलंही नव्हतं. आत्या पेटली. जित्या पोरांना श्रद्धांजली छापतो म्हणजे काय! चला आत्ता, कुठं आहे त्याचं दुकान? तिने चप्पल पुन्हा हातात घेतली. आणि ताईला हसू फुटलं. आधी तोंड दाबून, मग मोकळं, मग पोट धरून ती हसत सुटली. आत्याही हसली, आई हसली. आणि हसता हसता ताई एकदम थांबली.

"आई," ती म्हणाली. "कळा."

शेजारच्याची जीप मिळाली. नहराचा रस्ता आता शक्यच नव्हता. मागे ताई, आई आणि आत्या, पुढे मी. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि खरं सांगतो, त्या क्षणीही माझ्या डोक्यात बाळाच्या बरोबरीने तो फ्लेक्स होता. ताईसाठी इतके दिवस जपलेली गोष्ट आता ती डोक्यावर टांगलेली पाहणार.

"ताई," मी मागे वळून म्हटलं, "थोडा वेळ डोळे मीट."

तिने का म्हणून विचारलं नाही. घट्ट मिटले. आत्याला कशाचाच पत्ता नव्हता, पण डोळे मिटायचे म्हटल्यावर तिने ताईच्या तोंडावर स्वतःचा पदर टाकला. थांब्यावर निळा लटकत होता, खाली रेनकोटवाला मित्र कोणाशी तरी गप्पा मारत उभा. जीप पुढे गेली तेव्हा आत्याने सवयीने फ्लेक्सला हात जोडलेले मी आरशात पाहिले.

"गेला का थांबा?" पदराखालून आवाज आला.

"गेला."

ताईने पदर बाजूला केला. कपाळावर घाम, ओठ चावलेले. "वाढदिवसाच्या फ्लेक्सले कोनी रडत येते का रे?"

मी समोरच्या रस्त्याकडे पाहू लागलो.

"मी पाहिलं नाही. तू सांगितलं नाही. जवरी मी सोता पाहत नाही, तवरी थो मेला नाही. समजलं?"

"समजलं."

मग कळ आली आणि तिने निळ्याला, मला आणि तिच्या नवऱ्याला एका दमात जे काही म्हटलं ते ऐकून ड्रायव्हरने गाडी आणखी जोरात हाणली. संध्याकाळच्या आत तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. आत्याने पेढे वाटताना सगळ्या वॉर्डाला फ्लेक्स छापणाऱ्याची चूक सांगितली.

पावसाळा लागल्यावर सिनेमा फोनवर आला. त्या दुपारी ताईने बाळ माझ्या मांडीवर दिलं, माझा फोन घेतला आणि आतल्या खोलीचं दार लावलं. आम्ही बाहेर बसलो. बाबांनी वळलेली दोरी उकलून पुन्हा वळली. आईने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. आतून एकदा निळा विझतानाचं ते टॉकीजमधलं संगीत ऐकू आलं. दार उघडलं तेव्हा ताईने तोंड धुतलेलं होतं.

"पाहिलं?" मी विचारलं.

"पाहिलं."

"मंग?"

"मंग काही नाही. पाहिलं." तिने बाळ घेतलं आणि पाजायला बसली. मी खूप दिवस तोंड बांधून ठेवलं होतं, मला तिच्याशी तासभर बोलायचं होतं, भांडायचं होतं, पुन्हा रडायचं होतं. मला राग आला. पण ती बाळाकडे पाहत बसली होती, म्हणून मी उठून बाहेर गेलो.

आमच्या बांधीत रोवणा लागला तेव्हा ताई अजून आमच्याकडेच होती. चिखलात उतरायचा प्रश्नच नव्हता. बाळाला घेऊन ती दुपारची शिदोरी आणायची आणि घटकाभर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसायची. धुरा ओला, म्हणून बाबांनी तिला बसायला एक फ्लेक्स अंथरून दिला. फ्लेक्स आमच्याकडे वाया जात नाही. त्याखाली धान झाकतात, त्याने न्हाणीला आडोसा करतात. वाऱ्याने थांब्यावरचा फ्लेक्स एका कोपऱ्यात फाटला तेव्हा रेनकोटवाल्याने तो मला आणून दिला होता, जड मनाने. बाबांनी तो पालथा अंथरला होता. वर पांढरी बाजू, त्यावर बाळ, बाजूला छत्री.

मी पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत फेकत होतो. बाया रांगेत वाकलेल्या. म्होरक्या बाईने मान न उचलता विचारलं, "काय वो बाई, पाहिला म्हने तू शेवटचा?"

"पाहिला."

"मंग सांग न."

ताईने सांगितला. पहिल्यापासून, काही न गाळता, तिच्या त्या जुन्या आवाजात. खलनायक आला तेव्हा बायांनी त्याला पूर्वीसारख्याच शिव्या घातल्या. शहर अंधारात गेलं. निळ्याने अंगातली सगळी वीज यंत्रात ओतली. शहरात लाइट आली. इथे ताई थांबली आणि बाळाच्या तोंडावरची माशी तिने हाकलली.

"मंग?" बाईने विचारलं.

"मंग काय. घरी गेला."

माझ्या हातात पेंढी तशीच राहिली. मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. रांगेतल्या एकाही बाईचा हात थांबला नाही. पऱ्हे चिखलात जाण्याचा तेवढा आवाज येत होता.

"म्हातारी जागी व्हती?"

"जागीच होती. ताट झाकून बसली होती."

"काय व्हतं ताटात?"

ताईने जरा विचार केला. "भात. आन् झिंग्याची भाजी."

"गरम करून देल्ली का थंडीच?"

"गरम करून देल्ली."

"जेवला?"

"पोटभर जेवला. दुसऱ्यांदा भात मांगून घेतला."

म्होरकी बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. या बाईचं घर बस थांब्याच्या अगदी समोर आहे. उन्हाळाभर ती दारात बसून भाजी निवडायची तेव्हा तो फ्लेक्स तिच्या डोळ्यांपुढे होता. तिने ताईकडे पाहिलं, फ्लेक्सवर झोपलेल्या पोरीकडे पाहिलं.

"बरं झालं माय," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकून रोवायला लागली.